चाक बदलायचे, पण कोणते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो. चार महिने खड्ड्यांतून आणि महामार्गाच्या तात्पुरत्या वळणरस्त्यांवरून धावलेल्या गाडीच्या टायरला फुगा आलेला असतो, रिम वाकलेली असते, आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटलेला असतो. यंदा त्यात मोठ्या, महागड्या एसयूव्हींची पत्रे अधिक आहेत. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्यातील हिशेब पुढच्या पत्रलेखकांनाही लागणारा आहे.

प्रश्न : मी गेल्या वर्षी पुण्याहून २०१६ सालची बीएमडब्ल्यू एक्स५ डिझेल, वापरलेली, विकत घेतली. तिला पुढे २७५/४० आर२० आणि मागे ३१५/३५ आर२० असे रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर आहेत. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने गोटा झाले आहेत आणि पुढच्या डाव्या टायरला फुगा आला आहे. एका दुकानदाराने २२ इंची रिम आणि चारही चाकांना २६५/३५ टायर सुचवले. मित्र म्हणतो की १९ इंची घे. घरचे म्हणतात की आहे तेच घ्या, उगाच प्रयोग नकोत. आंबा घाटातून कोल्हापूरला आठवड्यातून एक खेप आणि महिन्यातून एकदा मुंबई, असा माझा प्रवास आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या मित्राचे ऐकावे. ते का, हे मात्र आकड्यांनी समजून घ्यावे, कारण दुकानात उभे राहिल्यावर दिसण्याचा मोह मोठा असतो आणि तिथे आकडेच उपयोगी पडतात.

टायरवर २७५/४० आर२० असे लिहिलेले असते तेव्हा २७५ ही मिलिमीटरमधील रुंदी असते आणि ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के एवढी साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूची, उंची. २० हा रिमचा व्यास इंचांत असतो. आपल्या पुढच्या टायरची बाजू त्यामुळे ११० मिमी भरते. दुकानदाराने सुचवलेल्या २६५/३५ आर२२ टायरची बाजू ९३ मिमीसुद्धा भरत नाही. याच पिढीच्या एक्स५साठी कंपनीने २५५/५० आर१९ हा आकारही चारही चाकांना मान्य केलेला आहे, आणि त्याची बाजू १२७.५ मिमी आहे. २२ आणि १९ यांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. रबर आणि हवा यांचा हा जो पट्टा असतो, तोच खड्ड्याची धार आणि धातूची रिम यांच्यामध्ये उभा असतो. त्याच्याशिवाय मध्ये दुसरे काहीही नसते.

मुंबई-गोवा महामार्गावर ही धार कुठे भेटते हे आपल्याला सांगायला नको. काँक्रीटचा नवा पट्टा संपतो आणि गाडी एकदम जुन्या डांबरावर किंवा खडीवर उतरते, त्या सांध्यावर चार-सहा बोटांची पायरी असते. दिवसा ती दिसते. रात्री, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत आणि पावसात, ती फक्त ऐकू येते. संगमेश्वरच्या अलीकडे अशाच एका पायरीवर माझ्या स्वतःच्या गाडीचे पुढचे चाक आदळले होते. त्या वेळी काहीच वाटले नाही, हवाही गेली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना टायरच्या बाजूवर अर्धे लिंबू चिकटवावे तसा फुगा हाताला लागला. आतले धागे तुटले की हवा बाहेरच्या रबराला ढकलते आणि असा फुगा येतो. त्याची दुरुस्ती होत नाही. आपल्या पुढच्या डाव्या टायरचे तेच झाले आहे, तेव्हा नवे टायर येईपर्यंत त्या चाकावर घाट चढू-उतरू नये, ही विनंती.

दुसरा मुद्दा भाराचा आहे, आणि तो दुकानात क्वचितच निघतो. आकारापुढे १०६, १०७, ११० असा जो आकडा असतो तो एका टायरने पेलायच्या भाराचा निर्देशांक आहे. १०६ म्हणजे ९५० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो आणि ११० म्हणजे १०६० किलो. आपल्याला सुचवलेला २६५/३५ आर२२ हा टायर बाजारात साधारणपणे १०२ निर्देशांकाचा, म्हणजे ८५० किलोंचा मिळतो. आज मागच्या प्रत्येक टायरची ताकद १०६० किलो असताना तिथे ८५० किलोंचा टायर बसवायचा, मग पाच माणसे, गणपतीचे सामान आणि परतीच्या वाटेवर आंब्याच्या पेट्या किंवा तांदळाचे पोते भरून घाट उतरायचा, ही काटकसर नव्हे आणि शोभाही नव्हे. १९ इंचीमध्ये १०७ निर्देशांकाचा टायर मिळतो, आणि याच गाडीसाठी तो कंपनीने ठरवलेला आहे. भाराचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरशी किंवा मॅन्युअलशी जुळवून पाहावा आणि त्याखाली कधीही जाऊ नये. या आकड्यानंतर येणारे डब्ल्यू हे अक्षर ताशी २७० किमी वेगमर्यादा सांगते. आपण तो वेग कधीच गाठणार नाही, तरी गाडीसाठी नेमलेल्या अक्षराहून खालचे अक्षर घेऊ नये, कारण त्याचा संबंध टायरच्या उष्णता सहन करण्याच्या क्षमतेशी आहे.

आता मागचे टायर आतून का झिजले ते पाहू. या गाडीच्या मागच्या चाकांचा वरचा भाग मुळातच किंचित आत झुकलेला असतो, त्यामुळे ३१५ मिमी रुंद टायरची आतली कड जास्त घासते. शिवाय पुढे-मागे वेगळे आकार असल्यामुळे चाकांची अदलाबदल करता येत नाही, आणि जे झिजते ते झिजतच राहते. बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतल्या कडेला तारा बाहेर आलेल्या असतात, अशी वापरलेली गाडी घेऊन फसलेले आपण पहिले नाही. चारही चाकांना एकच आकार आला की दर आठ-दहा हजार किलोमीटरवर पुढची चाके मागे आणि मागची पुढे घेता येतात. मात्र नवे टायर चढवण्याआधी चारही चाकांचे अलाइनमेंट करून त्याची छापील नोंद मागून घ्यावी. मागच्या चाकाचा कोन मर्यादेबाहेर असेल आणि तो तसाच राहिला, तर नवे टायरही त्याच वाटेने जातील.

आपली गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचा घेर जवळजवळ सारखा असावा लागतो, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या मधल्या ट्रान्स्फर केसमधील क्लच सरळ रस्त्यावरही विनाकारण काम करत राहतो आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्या खर्चाला मागे टाकतो. सध्याच्या जोडीत पुढचा व्यास ७२८ मिमी आणि मागचा ७२८.५ मिमी आहे, म्हणजे कंपनीने किती बारकाईने मेळ घातला आहे ते दिसते. २५५/५० आर१९ चा व्यास ७३७.६ मिमी, चारही ठिकाणी तोच. जुन्यापेक्षा तो १.३ टक्का मोठा आहे, आणि काट्यावर १०० दिसताना खरा वेग त्याच प्रमाणात थोडा जास्त असेल. यावरून हेही लक्षात यावे की पुढे ८ मिमी नक्षीचे नवे टायर आणि मागे ३ मिमी उरलेले जुने, अशी जोडी केली तर व्यासात तब्बल १० मिमीचा फरक पडतो. म्हणून ‘आत्ता दोनच घ्या, दोन दिवाळीनंतर’ हा सल्ला या गाडीला लागू नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच वेळी घ्यावेत.

रिम घेताना इंच जुळले म्हणजे सगळे जुळले असे समजू नये. आपल्या गाडीला पाच बोल्ट असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १२० मिमी आहे, आणि रिमच्या मधल्या भोकाचा, म्हणजे सेंटर बोअरचा, व्यास ७४.१ मिमी आहे. याच नावाच्या नंतरच्या पिढीच्या गाडीचा पीसीडी ११२ मिमी झाला, त्यामुळे ‘एक्स५ची ओरिजिनल रिम’ म्हणून कोणी स्वस्तात देऊ केली तरी पिढी विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. उलट काही लँड रोव्हर गाड्यांचा पीसीडी आपल्याइतकाच, ५×१२०, आहे, पण त्यांचे मधले भोक ७२.६ मिमीचे असल्याने ती रिम आपल्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, बसणारच नाही. भोक मोठे असेल तर हब रिंग घालून काम भागते. लहान भोक कोणी लेथवर मोठे करून देतो म्हणाला, तर तिथून निघून यावे. रिमच्या आत ‘९जे × १९ ईटी ४८’ अशा धर्तीची अक्षरे ओतलेली असतात, त्यांतले ईटी म्हणजे ऑफसेट, अर्थात रिमची बैठक मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते. हा आकडा कंपनीच्या आकड्याहून बराच कमी झाला तर चाक बाहेर येते आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. जास्त झाला तर टायर आत घासतो. बोल्टांची बैठकही पाहावी. बीएमडब्ल्यूचे बोल्ट शंकूच्या आकाराच्या बैठकीचे असतात आणि मर्सिडीजचे गोलाकार बैठकीचे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या रिममध्ये फिरतो, घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर.

राहिला रन-फ्लॅटचा प्रश्न, आणि इथे मतभेदाला जागा आहे. पूर्ण हवा गेली तरी साधारण ८० किमी अंतर, ताशी ८० किमीच्या आत, चालता येते, हा या टायरचा मोठा गुण आहे. रात्री साखरप्याच्या पुढे, भर पावसात, गाडी थांबवून चाक बदलण्याची वेळ न येणे ही लहान गोष्ट नाही. पण त्यासाठी त्याची बाजू जाड आणि ताठ केलेली असते. खड्ड्याचा घाव ती गिळत नाही, तो रिमकडे आणि आपल्या पाठीकडे पाठवते. शून्य हवेवर चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त करणे बहुतेक उत्पादक योग्य मानत नाहीत, आणि तसाच टायर रत्नागिरीत त्या दिवशी मिळेलच असे नाही. तो कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून मागवावा लागतो. माझा कल साध्या ट्यूबलेस टायरकडे आहे, मात्र एका अटीवर. गाडीत हवेचा चांगला पंप, पंक्चरचा संच आणि जागा मिळाल्यास योग्य व्यासाची बारीक स्टेपनी ठेवावी. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती नको, अशी सूट केंद्र सरकारने २०२० मध्ये दिली. ती कायद्यापुरती आहे, घाटापुरती नव्हे. आपल्या घरची मंडळी एकट्याने रात्री गाडी चालवत असतील, तर मात्र १९ इंचीमध्ये रन-फ्लॅटच घ्या असे मी सांगेन.

एक गोष्ट रुंदीबद्दल. रुंद टायर म्हणजे ओल्या रस्त्यावर जास्त पकड, हा समज घट्ट रुजला आहे. साचलेल्या पाण्यावर खरे तर उलट घडते. रुंद टायरला एका वेळी अधिक पाणी बाजूला सारावे लागते, ते साधले नाही तर चाक पाण्यावर तरंगते आणि स्टीअरिंग हातात हलके लागते. विमानांच्या चाकांवरून १९६०च्या दशकात नासाच्या अभ्यासकांनी जे सूत्र काढले, त्यानुसार ३३ पीएसआय हवेला हे तरंगणे ताशी सुमारे ९५ किमीच्या आसपास सुरू होते आणि हवा २४ पर्यंत उतरली तर सुमारे ८० किमीलाच. मोटारीच्या नक्षीदार टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण हवा आणि वेग यांचे नाते त्यातून कळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर ३१५च्या जागी २५५ रुंदी आली, तर ती मला उणीव वाटत नाही. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिमी आहे. कोकणात मृग लागण्यापूर्वी ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मी बदलतो.

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवर आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहावे. परदेशी टायरलाही ते लागते. बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरवर एक लहान तारा छापलेला असतो, तो मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास भार आणि वेग जुळणारा नामांकित टायर चालेल.

प्रश्न : आमचे मालवणला समुद्रापासून दोनशे मीटरवर घर आणि पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. आमच्या व्होल्व्हो एक्ससी९० गाडीच्या २० इंची, चकचकीत मशीन-कट रिमवर पांढरट किड्यांसारख्या रेषा उमटल्या आहेत. दोन चाकांची हवा दर आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरते, पण पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही. चारही रिम नव्या घ्याव्यात का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नव्या रिम घेण्याआधी जुन्या वाचतात का ते पाहू, कारण घर तिथेच आणि वारा तोच राहिला तर नव्या रिमचीही तीन-चार वर्षांत हीच गत होईल.

मशीन-कट रिमचा दर्शनी भाग लेथवर कापून उघडा चकचकीत ठेवलेला असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. खडीचा एक कण किंवा बॅलन्सिंगच्या वजनाची पट्टी काढतानाचा एक ओरखडा त्या थराला पुरतो. तिथून खारट ओल लॅकरखाली शिरते आणि ॲल्युमिनियमवर आडवीतिडवी पसरत जाते, त्याच त्या किड्यांसारख्या रेषा. लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमला चढत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याची पांढरी भुकटी होते, आणि तीच आपल्या हवेच्या चोरीच्या मुळाशी असावी.

टायरची कड रिमच्या ज्या खोबणीत बसते, तिथे ही भुकटी साचली की रबर आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून नक्षीकडे पाहतो, खरी गळती कडेला असते. चाक आडवे ठेवून कडेभोवती साबणाचे पाणी ओतावे आणि पाच मिनिटे थांबावे. बारीक, एकसलग फेस एका जागी वाढत गेला की दुखणे सापडले. वॉल्व्हच्या बुडाशीही तेच पाणी ओतून बघावे, कारण सेन्सरसहित येणारे धातूचे वॉल्व्ह खाऱ्या हवेत लवकर खराब होतात.

उपाय असा. टायर उतरवून खोबणी बारीक नायलॉन चकतीने स्वच्छ करून घ्यावी, कडेला सीलर लावावा आणि टायर पुन्हा चढवावा. धातूवर खड्डे पडले असतील तर रिम पूर्ण उघडी करून पावडर कोटिंग करावे, तेही संपूर्ण, आतून-बाहेरून, एका रंगात. पुन्हा मशीन-कट करून घेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक कापणीत धातू कमी होतो आणि उघडा पृष्ठभाग पुन्हा त्याच हवेत येतो. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला चालते, त्यामुळे एकच रिम वारंवार भट्टीत घालू नये, आणि काम करणाऱ्याला तापमान विचारावे. तो ‘अंदाजाने’ म्हणाला तर दुसरा कारागीर शोधावा. वाकलेली रिम सरळ करणे एक वेळ समजू शकते, पण आऱ्याला तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरू नये.

नव्याच घ्यायच्या ठरल्या, तर एक्ससी९०साठी १९ इंचीचा २३५/५५ हा आकार कंपनीच्या यादीत आहे, आणि पूर्ण रंगवलेल्या साध्या आऱ्यांची रिम घ्यावी. क्रोम चढवलेली तर मालवणात कोणीही घेऊ नये.

धुण्याबद्दल दोन शब्द. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आठवड्यातून एकदा रिमच्या आतल्या बाजूवर गोडे पाणी मारावे, विशेषतः भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावरून चढल्यानंतर, कारण दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या उतारावर चाके चक्क खाऱ्या पाण्यात बुडतात. पाहुण्यांची हौस म्हणून गाडी वाळूत नेण्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते आपण करत नसाल असे धरून चालतो. धुलाई केंद्रात ‘ॲसिड मारून नवे करून देतो’ म्हणतात, त्याला ठाम नकार द्यावा.

आणि वर्षातून एकदा चारही चाके उतरवावीत. लोखंडी हब, ॲल्युमिनियमची रिम आणि खारी ओल एकत्र आली की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. देवबागच्या रस्त्यावर एका गाडीचे पाचही बोल्ट काढून झाले तरी चाक हलेना, असे मी पाहिले आहे. चालक टायरवर लाथा मारत होता आणि जॅकवरची गाडी डोलत होती. हबची बैठक तारेच्या ब्रशने घासून सिरॅमिक प्रकारच्या अँटी-सीझचा, म्हणजे धातू एकमेकांना धरू न देणाऱ्या लेपाचा, अगदी पातळ हात द्यावा. बोल्टांच्या आट्यांना मात्र काहीही लावू नये, कारण त्याने कसण्याचा हिशेब चुकतो.

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग कातळसड्यावर आहे. शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता आहे. २०१४ सालच्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ गाडीला सध्या २५५/५० आर२० टायर आहेत. त्याऐवजी ऑल-टेरेन टायर घ्यावेत, असे सगळे सांगतात. आपले मत?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : आपण दिवसाला तीन किलोमीटर जांभ्यावर आणि उरलेले सगळे डांबरावर चालता, हे आधी मनाशी धरावे. ऑल-टेरेन टायरची नक्षी खोल आणि ठोकळ्यांची असते. चिखलात ती चांगली, पण ओल्या डांबरावर ब्रेक लावताना बहुतेक वेळा ती रस्त्याच्या टायरपेक्षा मागे पडते आणि आवाजही करते. शिवाय सड्यावरची खरी अडचण चिखलाची नाही. जुलैत जांभ्यावर जे हिरवे शेवाळ धरते, त्यावर कोणतीच नक्षी चालत नाही, आणि उन्हाळ्यात चिऱ्याच्या तुटक्या कडा टायरच्या बाजूला कापतात. म्हणजे आपल्याला हवी आहे ती उंच आणि दणकट बाजू.

ती मिळवायला नक्षीच्या आधी रिम बदलावी. २५५/५० आर२० चा व्यास ७६३ मिमी आणि २५५/५५ आर१९ चाही ७६३ मिमीच, तेव्हा वेगाच्या काट्यात आणि चारही चाकांच्या यंत्रणेत काही बिघडत नाही. बाजू मात्र १२७.५ वरून १४० मिमी होते. भाराचा निर्देशांक १०९ ऐवजी १११, म्हणजे १०३० किलोंऐवजी १०९० किलो मिळतो. १९ इंची हा कंपनीचाच आकार आहे. गणिताने २५५/६० आर१८ सुद्धा त्याच व्यासाचा होतो, पण या गाडीच्या तीन लिटर इंजिनाच्या आवृत्तीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत आणि १८ इंची रिम कॅलिपरला अडण्याचा धोका असतो, म्हणून तिथवर उतरू नये.

टायर १९ इंचीमध्ये रस्त्याचाच, म्हणजे ज्याला दुकानात एचटी म्हणतात तो, घ्यावा, किंवा सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन. युरोपीय लेबल असेल तर ओल्या पकडीचे अक्षर ए किंवा बी असलेला निवडावा. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून निघताना पूर्ण भारासाठी मॅन्युअलमध्ये जी जास्त हवा सांगितली आहे ती भरावी. वर्षभर एकच आकडा ठेवून हंगामात टायर तापवणारे बागायतदार मी पुष्कळ पाहिले. गडग्याला घासून गाडी वळवायची सवय असेल, तर तेवढी मात्र सोडावी लागेल.

प्रश्न : आम्ही मुंबईत असतो. वडिलांची मर्सिडीज जीएलई गुहागरच्या घरी असते, आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढीच चालते. एकूण १९ हजार किलोमीटर झाले आहेत, टायरवर ३८१७ असे लिहिले आहे, नक्षी भरपूर शिल्लक आहे. बदलायची गरज आहे का?
— एक चाकरमानी, मुंबई

उत्तर : आहे. ३८१७ म्हणजे तो टायर २०१७ सालच्या ३८व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी किलोमीटरने झिजते, रबर मात्र वर्षांनी म्हातारे होते, आणि उभ्या गाडीचे जरा लवकरच, कारण टायर फिरला की रबराला लवचिक ठेवणारी द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. काही जर्मन वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या पाचव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षे, असे म्हणतात. बाजूवर, विशेषतः रिमच्या जवळ, नखाने दाबल्यावर उघडणाऱ्या बारीक भेगा दिसतील. त्याच टायरांवर संपूर्ण कुटुंब घेऊन कशेडीच्या बोगद्यातून मुंबईला यायचे आहे.

नवे घेताना तयार झाल्याचा आठवडा पाहूनच घ्यावा. दुकानात वर्षाहून अधिक पडून राहिलेला टायर नवा म्हणून पूर्ण किमतीत घेऊ नये. आपल्या वापराला महागडा, दीर्घायुषी टायर घेण्यात अर्थ नाही, कारण तो झिजण्याआधीच म्हातारा होणार. पावसातली पकड चांगली असलेला, मधल्या किमतीचा घ्यावा. गावी कोणी असेल तर पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे करून ठेवायला सांगावे, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

प्रश्न : एसयूव्हीला रुंद, बाहेर आलेली चाके हवी आहेत. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर यावे म्हणून हब आणि रिम यांच्यामध्ये घालायच्या चकत्या, लावले तर आरटीओ किंवा विमा कंपनी हरकत घेते का? आणि दुकानदार बोल्ट हवेच्या गनने कसतो, ते चालते का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक स्पष्ट केले. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनी देते तो आकार घेतला, तर सहसा प्रश्न येत नाही. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके आणि स्पेसर यांनी मात्र अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती आयते कारण जाते. अलॉय नव्या असतील तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. स्पेसर मी स्वतः लावणार नाही, आणि आपणही लावू नयेत.

गनने बोल्ट सैल करायला हरकत नाही. कसताना ते आधी हाताने आट्यांवर चढवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत कसावेत. मोठ्या जर्मन एसयूव्हींत तो साधारण १४० ते १५० न्यूटन-मीटर असतो. गनने मनाला येईल तसे कसलेले बोल्ट पुढच्या पंक्चरला रस्त्याच्या कडेला गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. नव्या अलॉय बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून, म्हणजे अलिबाग ते पेण आणि परत एवढ्या फेरीनंतर, त्याच दुकानात पुन्हा एकदा टॉर्क पाना लावून घ्यावा. दुकानात असा पानाच नसेल, तर त्या दुकानातून रिम घेऊ नयेत.